बोटांना अक्षरांची सवय

माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, अश्दोदला असते. वय ८१. दोन वर्षांत तिचे कान इतके मंदावले की फोनवर बोलणे बंदच पडले. हिब्रू ती बाजारापुरती बोलते, वाचते मात्र मराठीच. मी सध्या मुलाकडे, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये असते. इथे व्हॉट्सॲपवरून बोलायला गेले तर सहसा फोन लागत नाही, लिहिलेला निरोप तेवढा जातो. आक्काला मधुमेह आहे, ती रोज इन्सुलिन घेते आणि शंका आली की मलाच विचारते. एका बोटाने अक्षरे शोधत चार ओळी लिहायला मला अर्धा तास लागे. म्हणून वयाच्या ७४व्या वर्षी मी टंकलेखन शिकायला बसले.

तुमच्यापैकी ज्यांनी रेल्वेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी केली, त्यांना मराठी टाइपरायटर आठवत असेल. त्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागे. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर आपण बोलतो तोच क्रम असतो, आधी द, मग वेलांटी. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली हा कळफलक प्रमाण ठरवला. काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. क बरोबर शिफ्ट दाबली की ख, ग चा घ, द चा ध. बाराखडी घोकून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे नातवंडांपेक्षा लवकर जमते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधल्या ओळीतल्या दोन कळींवर बारीक उंचवटा असतो. तिथे दोन्ही तर्जन्या ठेवायच्या. डाव्या तर्जनीखाली पहिली वेलांटी, उजवीखाली र. शेजारी क, त, च, आणि आतल्या बाजूला प. पहिले दहा दिवस मी एवढीच ओळ गिरवली: परत, करत, तरच. न बघता बिनचूक आलेला पहिला जोडाक्षराचा शब्द ‘रक्त’. नर्सला दुसरे काय सुचणार! नातू मागे उभा राहून सांगे, “आजी, खाली बघायचं नाही. हळू चालेल, पण चुकायचं नाही.” त्याचे खरे आहे. घाईत चुकीच्या कळीची सवय लागली की ती मोडायला दुप्पट दिवस जातात. तीन महिन्यांनी मी मिनिटाला १५ शब्दांवर आले आहे. आक्काला तेवढे पुरते.

आता शरीराचे. कोपर काटकोनात, मनगट सरळ, पाय जमिनीवर टेकलेले. टेकत नसतील तर खाली पाट घ्या. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पडदा थोडा खाली ठेवा, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला मान मागे जाते आणि रात्री दुखते. इथे दिवसभर एसी. गार हवेत संधिवाताची बोटे आखडतात, म्हणून आधी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात धरते. एका बैठकीला १५ मिनिटे पुरेत. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातली शीर दाबली जात असेल. करंगळीकडे मुंग्या आल्या तर कोपराकडे बघा. सकाळी बोट वाकलेले राहून ‘टक्’ करून सुटते, हे मधुमेहींत जास्त आढळते. यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवा, सराव दामटू नका. शब्बाथला माझा कळफलक कापडाखाली असतो. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, कारण त्या दिवशी घाणा थांबे. बोटांनाही तो दिवस मानवतो.

औषधाविषयी लिहिताना वेग विसरा. ‘.५’ लिहू नका, ‘०.५’ लिहा, टिंब नजरेतून सुटले तर डोस दहापट होतो. त्याच कारणाने ‘५.०’ न लिहिता नुसते ‘५’ लिहा. ‘युनिट’ हा शब्द पुरा लिहा, कारण इंग्रजी यू घाईत शून्यासारखा वाचला जातो आणि १० युनिटांचे १०० होतात. औषधांची नावेही फसवतात. लघवीचे लासिक्स आणि आम्लपित्ताचे लोसेक यांत इतके घोटाळे झाले की अमेरिकेत १९९० साली लोसेकचे नाव बदलून प्रायलोसेक करावे लागले. फोन तर आपल्या मनाने शब्द बदलतो. आकडे मोठ्याने वाचून मगच पाठवा, आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो सोबत जोडा.

आणखी एक. नेहमी नीट लिहिणाऱ्या माणसाचा निरोप एखाद्या दिवशी अर्थहीन आला, तर “बोट चुकले असेल” म्हणून सोडू नका. पक्षाघाताची सुरुवात अशीही दिसते. जवळच्या कोणाला तरी लगेच त्याच्याकडे पाठवा. हसल्यावर तोंड वाकडे होते का, दोन्ही हात वर राहतात का, बोलणे अडखळते का, हे बघायला सांगा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून त्रास केव्हा सुरू झाला ती वेळ टिपून ठेवायची. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८, इस्रायलमध्ये १०१ आणि इथे दुबईत ९९८. मी हे तिन्ही आकडे कळफलकावर चिकटपट्टीने लावले आहेत. आक्काच्या शेजारणीचा नंबर त्यांच्या खाली आहे.