टाचेच्या अस्थिभंगानंतरचे भारग्रहण

टाचेचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यावर त्या पायावर शरीराचा भार क्रमाक्रमाने पुन्हा घेण्याची प्रक्रिया. टाचेचे हाड (पार्ष्णिकास्थी) घोट्याखालील हाडांपैकी सर्वांत मोठे असून उंचावरून टाचांवर पडल्यास ते चेपून मोडते. रायगड जिल्ह्यातील किहीमसारख्या किनारी गावांत नारळी-पोफळींच्या वाड्या आहेत. झाडावरून पडणे हे या अस्थिभंगाचे एक नेहमीचे कारण होय. आघात कण्यापर्यंत पोहोचू शकत असल्याने कमरेचे मणकेही तपासतात.

या हाडाचा अंतर्भाग सच्छिद्र असतो. शस्त्रक्रियेत धातूची पट्टी व स्क्रू यांनी तुकडे जागी धरले जातात. परंतु शरीराचा भार पेलण्याचे काम अखेर सांधलेल्या हाडालाच करावे लागते. ते पुरेसे सांधण्यापूर्वी पाय टेकल्यास सांध्याचा पृष्ठभाग पुन्हा खचण्याचा धोका असतो. उलट पाय दीर्घकाळ निश्चल ठेवल्यास सांधे ताठरतात व पोटरीचे स्नायू क्षीण होतात. म्हणून आरंभी भार वर्ज्य असला, तरी हालचाल वर्ज्य नसते. जखम भरू लागताच वैद्यांच्या सल्ल्याने घोटा व बोटे हलविण्याचे व्यायाम सुरू करतात.

सामान्यतः ६ ते १२ आठवडे कुबड्यांच्या साहाय्याने, पाय न टेकता चालावे लागते. त्यानंतर क्ष-किरण चित्र पाहून अंशतः भार देतात. वजनकाट्यावर पाऊल दाबून किती भार पडतो याचा अंदाज घेता येतो. तो काही आठवड्यांत वाढवीत नेऊन प्रथम एक कुबडी व नंतर काठी सोडतात. मधुमेह व धूम्रपान यांमुळे जखम भरण्यास विलंब लागतो. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागणे, धाप लागणे वा जखमेतून पू येणे ही तातडीने वैद्यांकडे जाण्याची लक्षणे होत.

पाऊल दोन्ही कडांकडे कलविणारा सांधा टाचेच्या हाडावरच असल्याने सपाट रस्त्यावर सहज चालणाऱ्यासही किहीमच्या पुळणीवर चालणे कठीण जाते. कोरडी वाळू टाचेखाली सरकते, तर ओल्या वाळूचा उतार पाऊल एका बाजूस कलता ठेवतो. म्हणून वाळूवरील चाल शेवटच्या टप्प्यात घ्यावी. सूज व ताठरपणा वर्षभर किंवा अधिक काळ राहू शकतो. सांधा झिजून वेदना टिकल्यास तो जखडून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात. झाडावर चढणे हे चालण्याहून निराळे काम असल्याने त्याची परवानगी स्वतंत्रपणे घेणे आवश्यक असते.