जाझ पियानोवादकाची घडण

जाझ हा शब्द ऐकताच आपल्याकडील पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हॉटेलांतील गोंगाट उभा राहतो. आमचीही समजूत पूर्वी फारशी निराळी नव्हती. आम्हां बेळगावकरांचा कान पेटीच्या सुरांवर पोसलेला. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या वादकाचा वारसा आम्हांस लाभलेला. मग या परक्या पियानोशी आपले नाते ते कोणते? लुई बँक्स या भारतीय वादकाचे चरित्र पाहिले, म्हणजे याचा उलगडा होतो.

बँक्स यांचा जन्म १९४१ साली दार्जिलिंग येथे एका नेपाळी कुटुंबात झाला. संगीत घरातच होते. आजोबांनी नेपाळच्या जुन्या राष्ट्रगीतास चाल दिली होती. वडील पुष्कर बहादुर हे ट्रम्पेटवादक. कोलकात्याच्या वाद्यवृंदांत त्यांनी जॉर्ज बँक्स हे नाव धारण केले. अमेरिकेचे थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्यावरून त्यांनी मुलास लुई म्हटले. वडील हेच मुलाचे पहिले गुरू. गिटार, ट्रम्पेट आणि पियानो यांचे धडे घरीच मिळाले, आणि शाळकरी वयातच हा मुलगा वडिलांच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. महाविद्यालयीन शिक्षण संपवून तो त्यांच्यासह काठमांडूस गेला. तेथे पियानो हा त्याचा व्यवसाय झाला आणि तेथेच त्यास जाझची ओढ लागली.

आता जाझमध्ये शिकावयाचे तरी काय? पाश्चात्त्य अभिजात संगीतातील वादक बहुधा कागदावरील स्वरलिपी जशीच्या तशी वाजवितो. जाझवादक मूळ धून एकदा वाजवितो आणि मग तिच्या आधारे त्याच क्षणी नवी रचना करीत जातो. डावा हात स्वरांचे जुडगे व लय सांभाळतो. उजवा हात मुक्तपणे विहार करतो. आपला ख्यालगायकही असाच बढत करून समेवर परततो. भेद एवढाच, की गवयाखालचा आधारस्वर स्थिर असतो. जाझमध्ये हा स्वरांचा आधार पावलोपावली बदलतो आणि वादकास त्याचे भान क्षणभरही सोडता येत नाही. ही विद्या केवळ पुस्तकातून येत नाही. ती ऐकून, चुकून आणि जाणत्यांच्या साथीस बसून येते.

बँक्स यांस अशी साथ कोलकात्यात लाभली. पार्क स्ट्रीटवरील ब्लू फॉक्स या उपाहारगृहात ते वाजवीत असत. तेथील त्यांचे सहकारी ब्राझ गोन्साल्विस हे सॅक्सोफोनवादक गोव्याच्या नेवरा गावचे. गोव्यात चर्चच्या शाळांतून खेड्यांतील मुलांनाही स्वरलिपी वाचावयास शिकवीत. भारतातील जाझला कितीतरी वादक या शाळांनी दिले. आमच्या घरची बोली कोंकणी, म्हणून हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी गोड मानावा.

पुढे राहुलदेव बर्मन यांनी बँक्स यांस मुंबईच्या चित्रपटसंगीतात बोलाविले. केवळ जाझवर चरितार्थ चालणे कठीण होते. चित्रपट आणि जाहिराती यांचे काम त्यांनी पत्करले, परंतु जाझ सोडला नाही. १९८८ साली ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे गीत दूरदर्शनवरून देशभर पोहोचले. त्याच्या सुरावटीत आपले अशोक पत्की आणि हे दार्जिलिंगचे बँक्स या दोघांचेही हात लागले आहेत.

आमच्या शाळेत सायंकाळी पेटीवर अलंकार घोटणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानी धरावे. सुरांस सरहद्द नसते, हे तर खरेच. परंतु ती ओलांडण्याचा परवाना मिळतो, तो रियाजानेच.