काटा फुल्ल, टाकी कोरडी! फ्लोट बदलताय? मग मीटरशी जोडी जुळते का ते आधी बघा

कासार आंबोली (ता. मुळशी) : जुनी जीप, जुनी पिकअप घेतली की एक तक्रार ठरलेलीच, डिझेलचा काटा खोटं बोलतो. टाकीतला फ्लोट सडलेला निघतो. मग पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी मिळेल तो फ्लोट आणून बसवला जातो. भोकं जुळली, वायर लागली, काटा हलला. पण काटा हलणं वेगळं अन् खरं दाखवणं वेगळं.

फ्लोट म्हणजे टाकीत तरंगणारा डबा. त्याला दांडी, अन् दांडीच्या टोकाला रेझिस्टन्स. डिझेल खालीवर झालं की हा रेझिस्टन्स बदलतो. तो ओहममध्ये मोजतात. समोरचं मीटर फक्त तेवढंच वाचतं, टाकीतलं त्याला काही दिसत नाही. अडचण अशी की सगळ्या गाड्यांचे आकडे एकसारखे नसतात. व्हीडीओ पद्धतीत टाकी रिकामी असताना 10 ओहम, भरल्यावर 180. अमेरिकन पद्धतीच्या एका प्रकारात नेमकं उलटं, रिकामी 240 अन् भरलेली 33. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकामी 0, भरलेली 90.

आता 10-180 च्या मीटरला 240-33 चा फ्लोट जोडला तर? टाकी कोरडी पडली की फ्लोट 240 देणार, अन् मीटर ते फुल्ल समजणार! पौडच्या पुढं ताम्हिणीकडं निघालात तर पंप लवकर लागत नाही. त्यात डिझेल गाडी कोरडी पडली की नुसता कॅन ओतून भागत नाही. लाईनमध्ये हवा धरते, एअर काढल्याशिवाय गाडी बहुतेक वेळा चालू होत नाही. पावसात, रात्री घाटात हे काम कुणाला हवंय?

म्हणून फ्लोट टाकीत घालण्याआधी मल्टिमीटर लावा. साधा मल्टिमीटर चालतो, फक्त रेंज 2000 ओहमवर ठेवा, कारण 200 च्या रेंजवर 240 दिसणारच नाही. दांडी पार खाली, मग पार वर, दोन्ही आकडे लिहून घ्या. दांडी हळूहळू उचलताना आकडा मधेच उडत असेल तर तो फ्लोट घेऊ नका.

मीटरला काय लागतं हे कळत नसेल तर फ्लोटच्या वायरच्या जागी ठरलेल्या ओहमचे रेझिस्टर लावून बघा. पुण्यात तपकीर गल्लीत ते मिळतात, 5 वॅटचे जाड घ्या. 10 लावल्यावर काटा रिकाम्यावर अन् 180 ला फुल्लवर गेला, तर मीटर कुठल्या जातीचं ते कळलं. ही तपासणी मीटरच्या मागं करा, उघड्या टाकीजवळ नाही. टाकी उघडण्याआधी बॅटरीची वायर काढायची, बिडी-काडी लांब ठेवायची. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

काहीजण सांगतात, मधे एखादा रेझिस्टर टाका, जुळेल. दोघांची दिशा एकच असेल तर थोडंफार जमतं, पण उलट्या जोडीला तो इलाज लागू नाही. तिथं फ्लोट किंवा मीटर बदलायचंच.

अन् हो, अर्थिंग! टाकीला रंग दिला, खाली रबर घातलं की बॉडीचा अर्थ तुटतो. मग जोडी बरोबर असूनही काटा चुकतो. टाकीपासून चॅसिसपर्यंत एक वेगळी वायर ओढली की बरेचदा तेवढ्यावरच भागतं.

दांडीची लांबीही टाकीच्या खोलीला साजेशी हवी. आखूड दांडीचा फ्लोट तळापर्यंत पोचत नाही, मग तळाशी डिझेल शिल्लक असतानाच काटा रिकामं दाखवतो.

नव्या गाड्यांत ही वायर थेट काट्याला न जाता कॉम्प्युटरमधून जाते. तिथं खटपट नको, पार्ट नंबर बघून तोच फ्लोट मागवा.

सगळं बसवून झालं की रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मोजून ओता अन् दर वेळी काटा कुठं थांबतो त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.