पत्र्याच्या घरालाही वेलाची सावली

एप्रिल २०१६ लातूरकर विसरणे शक्य नाही. धनेगावचे मांजरा धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये नांदेड, परभणी, हिंगोलीकडे इतका पाऊस कोसळला की उभी पिके पाण्याखाली गेली. कधी पाणी नाही म्हणून भाजी महाग, कधी पाणी फार झाले म्हणून महाग. हवामान बदल हा शब्द मोठा आहे, पण कामावरून परतणाऱ्या बाईला तो मंडईत मेथीच्या जुडीचा भाव विचारतानाच कळतो.

मग शहरात राहून घरापुरती भाजी पिकवता येईल काय? १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला, क्युबाला मिळणारे तेल व खत आटले, तेव्हा हवाना शहरातील लोकांनी रिकाम्या जागांवर वाफे केले. आपल्या मुंबईत प्रीती पाटील यांनी २००२ पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग फुलविली. थोड्या जागेत भरपूर पीक घेण्याची रीत कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून त्याआधीच लोकांना शिकविली होती.

परंतु ही उदाहरणे सिमेंटच्या गच्चीची. आपल्यापैकी कित्येकांच्या डोक्यावर पत्रे आहेत. पत्र्यावर मातीचे ओझे ठेवू नये, आणि मे महिन्यात तापल्या पत्र्याला टेकलेला वेल करपतो. म्हणून पत्र्यापासून हात-दीड हात उंच बांबूचा मांडव करावा, वेल दाराशी जमिनीत किंवा मोठ्या डब्यात लावून वर चढवावा. दोडका, कारले, दुधी, वाल यांपैकी काहीही चालेल. पावसाळ्यानंतरच्या उन्हात, ऑक्टोबरमध्ये, घरात याचा गारवा जाणवतो. गच्ची असेल तर घरमालकाला आधी विचारावे. स्लॅब पाझरला की भांडण आपल्याच दारी येते.

माती कमी व पालापाचोळा जास्त घ्यावा. उसाचे पाचट मिळाले तर उत्तमच, आपल्या भागात ते दुर्मिळ नाही. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा त्यात मुरू द्यावा. शिजलेले अन्न टाकू नये, उंदीर येतात. वरून पाचटाचे आच्छादन ठेवले की ओल टिकते, पाणी बरेच वाचते.

आता पाण्याचे. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवावे. पालेभाजीला तेवढे पुरते. कपड्यांचे साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये. टँकरवर दिवस काढणाऱ्या घराने एप्रिल-मे मध्ये नवे काही पेरूच नये. माती झाकून ठेवावी आणि मृगाची वाट पाहावी. त्या दिवसांत बागेसाठी बाईने आणखी एक घागर वाहावी, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. भाजी घरातले सगळेच खातात; पाणी घालण्याची पाळीही सगळ्यांची असावी.

सुरुवात मेथीनेच करावी. डब्यातले दाणे रात्री भिजत घालून पेरले की चार-पाच दिवसांत उगवतात. महिनाभरात खुडता येते. अंबाडी आणि तांदुळजा पावसाळ्यात फारशी निगा न घेताही येतात. मुलांना एक-एक डबा नेमून द्यावा.