द्विध्रुवीय विकारात योग्य औषधाचा शोध : सूरत शहराच्या संदर्भात

प्रास्ताविक :
द्विध्रुवीय विकार म्हणजेच बायपोलर हा मनःस्थितीच्या दोन टोकांचा आजार होय. काही आठवडे किंवा महिने रुग्ण उन्मादाच्या अवस्थेत असतो. झोप कमी होते, बोलणे वाढते, पैसा उधळला जातो. पुढे तीच व्यक्ती खोल नैराश्यात जाते. या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अनेक पटींनी अधिक असतो. २०१५-१६ मध्ये गुजरातसह १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या विकाराचे दर दहापैकी सुमारे सात रुग्ण उपचारापासून वंचित असल्याचे दिसून आले. ज्यांना उपचार मिळतो, त्यांच्यापुढेही आपल्याला लागू पडणारे औषध कोणते, हा प्रश्न असतोच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

निदानातील अडचण :
उन्मादात रुग्णाला आपण आजारी आहोत असे वाटत नाही. तो डॉक्टरांकडे जातो तो बहुधा नैराश्यात. अशा वेळी केवळ नैराश्यावरील गोळी सुरू झाल्यास काही रुग्णांत उन्माद उसळतो. म्हणून पूर्वीच्या अतिउत्साहाच्या काळाची माहिती नातेवाइकांनी डॉक्टरांना देणे ही योग्य औषधाच्या शोधातील पहिली पायरी ठरते.

लिथियमचा धडा :
१९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम दिले व त्यांच्यात सुधारणा झाल्याचे नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरणाऱ्या काही लोकांना विषबाधा होऊन मृत्यू झाले. उपकारक व घातक मात्रा यांत फार थोडे अंतर आहे, हे यावरून स्पष्ट झाले. १९५४ मध्ये डेन्मार्कचे डॉ. मोगन्स शाऊ यांनी शास्त्रशुद्ध चाचणीद्वारे या औषधाची उपयुक्तता दाखवली. आज शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त तपासून प्रमाण ठरवले जाते. ते साधारणतः ०.६ ते १.० या मर्यादेत ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची शक्यता वाढते. मूत्रपिंड व थायरॉइड यांचीही ठरावीक काळाने तपासणी आवश्यक असते.

इतर औषधे :
लिथियम सर्वांनाच लागू पडते असे नाही. व्हॅल्प्रोएट उन्मादावर प्रभावी आहे. परंतु गर्भाला अपाय होत असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. लॅमोट्रिजिन प्रामुख्याने नैराश्य परतू नये म्हणून देतात. त्याची मात्रा कित्येक आठवड्यांत सावकाश वाढवावी लागते, आणि अंगावर पुरळ आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे लागते. ओलान्झापिन, क्वेटियापिन यांमुळे वजन व रक्तातील साखर वाढू शकते. तात्पर्य, सर्वांसाठी एकच उत्तम औषध नसून प्रत्येक रुग्णाचे औषध निरीक्षणातून ठरते.

सूरतमधील परिस्थिती :
सूरतच्या लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी भाषक कुटुंबे राहतात. यंत्रमागाच्या कारखान्यांत बारा तासांची पाळी असते व ती दिवसाची-रात्रीची अशी बदलते. झोप बिघडली की उन्माद उद्भवू शकतो. त्यामुळे गोळी योग्य असूनही ती निष्फळ वाटते. दुसरी बाब उष्णतेची. घामावाटे पाणी व मीठ गेले की मूत्रपिंड मीठ राखून ठेवते व त्यासोबत लिथियमही शरीरात साठते. अंगदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनीही त्याचे प्रमाण वाढते. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच पुढची गोळी न घेता तातडीने रुग्णालय गाठावे.

रोजे व औषध :
रमजानमध्ये झोपेच्या व गोळ्यांच्या वेळा बदलतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोरोक्कोतील २० रुग्णांच्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या रुग्णांचा आजार या महिन्यात उलटला. २०१० मधील पाकिस्तानातील अभ्यासात मात्र लिथियमच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यास लहान आहेत. म्हणून रमजानपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेऊन निर्णय घ्यावा. आजारी व्यक्तीला रोज्यातून सवलत आहेच. मानसिक आजार त्याला अपवाद नाही.

समारोप :
बरे वाटू लागताच गोळी बंद करणे ही या उपचारातील सर्वात मोठी चूक होय. बरे वाटणे हा औषधाचाच परिणाम असतो. अचानक बंद केल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते. रुग्णाच्या कुटुंबाने एका वहीत औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, झोपेचे तास व रक्ताचे अहवाल लिहून ठेवावेत. लग्नकार्यासाठी जळगाव-धुळ्याकडे जाताना ही वही व पुरेशा गोळ्या सोबत असाव्यात. डॉक्टर बदलले तरी कोणते औषध का सोडले, हे त्यांना वहीवरून कळते व शोध पहिल्यापासून करावा लागत नाही. सूरतमध्ये नवी सिव्हिल हॉस्पिटल व महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे मानसोपचार विभाग आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. योग्य औषध सापडण्यास कधी महिने, कधी वर्षही लागते. या काळात रुग्णास दोष न देता त्याच्या पाठीशी उभे राहणे हे कुटुंबाचे व समाजाचे कर्तव्य ठरते.