दगडाची भिंत आणि गवताचा पूल

मराठी घरात ‘पेरू’ म्हटले की प्रथम आठवते ते फळ. त्याच नावाचा, अँडीज पर्वताच्या अंगाखांद्यावर वसलेला देश मात्र आपल्या घरी निराळ्याच वाटेने आलेला आहे. उपवासाच्या ताटातील बटाटा मूळचा त्या डोंगरांतला. तितिकाका सरोवराच्या परिसरात हजारो वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू झाली आणि पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला, तो आपले नाव सोबत घेऊनच.

या देशाच्या प्रवासास कुस्को नगरीपासून आरंभ करणे उचित. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील ही इंका राज्याची राजधानी. येथे हवा विरळ. म्हणून नवागताने पहिला दिवस विश्रांतीत घालवावा, हे बरे. सन १५३३ मध्ये पिझारोच्या स्पॅनिश सैन्याने नगरी जिंकली आणि कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवर ख्रिस्ती मठ उभारला. १९५० साली मोठा भूकंप झाला. मठाची पडझड झाली. खालच्या इंका भिंती मात्र उभ्याच राहिल्या! चुन्याचा थेंबही न वापरता, लोखंडी हत्याराविना तासलेले ते दगड एकमेकांत घट्ट बसविलेले आहेत. भिंती आतल्या बाजूस किंचित कललेल्या, दारे खाली रुंद व वर अरुंद. भूमीचा हादरा सोसण्याचे सामर्थ्य या रचनेत आहे. जवळच्या साक्सायवामान येथे काही शिळा शंभर टनांहूनही जड आहेत. लहान दगड विजेत्यांनी चर्च आणि वाडे बांधण्यासाठी नेले. जे हलविता आले नाहीत, ते उरले.

माचू पिक्चू कुस्कोपेक्षा बरेच खाली, सुमारे २,४३० मीटरवर आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पंधराव्या शतकात, पाचाकुती राजाच्या काळी वसलेले हे नगर अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम यांनी १९११ मध्ये ‘शोधून काढले’ असे सांगतात. वास्तविक त्यांना वाट दाखविली ती तेथल्याच शेतकऱ्याने, आणि त्या अवशेषांत शेतकरी कुटुंबे राहतही होती. बिंगहॅम यांनी येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू प्रदीर्घ वादानंतर २०११ व २०१२ मध्ये पेरूस परत मिळाल्या. १९८३ पासून हे स्थळ जागतिक वारशात गणले जाते. तरीही २००० साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात यंत्र कोसळून तेथील पवित्र सूर्यशिळेचा टवका उडाला. शतकानुशतके पावसाला दाद न देणाऱ्या पायऱ्या आज पावलांनी झिजत आहेत. म्हणून दररोजच्या प्रवाशांची संख्या मर्यादित केलेली आहे. तो नियम जाचक वाटला तरी आनंदाने पाळावा.

परंतु ज्याला इंकांचा जिवंत वारसा पाहावयाचा असेल, त्याने जून महिन्यात अपुरिमाक नदीवरील केस्वाचाका येथे जावे. येथे सुमारे २८ मीटर लांबीचा झुलता पूल आहे, आणि तो संपूर्ण गवताचा आहे. दरवर्षी चार गावांचे लोक जमतात. घरोघर वळलेल्या बारीक दोऱ्यांचे पीळ घालून जाड दोर होतात. जुना पूल तोडून नदीत सोडतात आणि तीन दिवसांत नवा विणतात. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये हे काम झाले नाही. २०२१ च्या मार्चमध्ये पूल तुटून पडला. त्याच जून महिन्यात गावकऱ्यांनी तो पुन्हा विणला.

त्या लोकांची केचुआ भाषाही अशीच तगली आहे. राज्य गेले, राजधानी गेली, दरबाराची भाषा बदलली. तरी ती घरांत बोलली जात राहिली, आणि १९७५ साली पेरूने तिला राजभाषेचा दर्जा दिला. राजाश्रय सरल्यावर वारसा कसा जपावा, हा प्रश्न इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांनाही परका नाही. दगडाची भिंत एकदा बांधली की शतके उभी राहते. गवताचा पूल मात्र ज्या वर्षी हात थांबतील, त्या वर्षीच संपतो. म्हणून तेथे प्रत्येक पिढीला विणणे शिकावेच लागते.