चुकलेली सम

'डीजे' हा शब्द कानी पडला की आमच्या वयाच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही प्रारंभीच कबूल करून टाकतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून वा रावपुऱ्यातून ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत जाऊ लागली की खिडक्यांची तावदाने थरथरतात, आणि लोक त्या भिंतीलाच 'डीजे' म्हणतात. वस्तुतः हा शब्द माणसाचा आहे, भिंतीचा नव्हे. तबकड्या निवडून, एकीतून दुसरीत श्रोत्यांना अलगद नेणारा तो डिस्क जॉकी. मूळ अर्थ आम्हांस ठाऊक होता. तरीही आठी पडावयाची ती पडतच असे. त्या आठीपायी आमच्या हातून एका मुलावर अन्याय घडला. हा लेख त्यासंबंधी आहे.

आमची शाळा सरकारी. संगीताचा तास वेळापत्रकात आहे, संगीतशिक्षक मात्र कित्येक वर्षांत नाही. त्यामुळे वार्षिकोत्सवाची गाणी कधी कॅसेटवर, कधी सीडीवर आणि आता मोबाईलवर वाजतात. गेल्या खेपेस नववीतल्या एका विद्यार्थ्याने सांगितले, "सर, गरबा संपून लेझीम सुरू होताना मध्ये गाणं थांबणार नाही, असं मी करून देतो." त्याच्या थोरल्या बहिणीला महाविद्यालयात प्रवेश घेताना सरकारी योजनेतून एक हजार रुपयांत टॅब्लेट मिळाला होता. त्यावर या मुलाने गाणी मिसळण्याचे एक ॲप उतरवून घेतले होते. आम्ही फारशी चौकशी न करता होकार दिला.

वाचकांपैकी ज्यांनी असे ॲप पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. पडद्यावर दोन तबकड्या दिसतात, डावी आणि उजवी. प्रत्येकीवर एकेक गाणे चढवावयाचे. मध्ये एक आडवी पट्टी असते. ती डावीकडे सरकविली की डावे गाणे ऐकू येते, उजवीकडे सरकविली की उजवे, आणि मध्यावर ठेवली की दोन्ही. ॲप प्रत्येक गाण्यातील ठोके शोधून मिनिटाला किती पडतात तो आकडा दाखविते. एका गाण्याचे ९६ व दुसऱ्याचे १०० असतील, तर दोन्ही एकत्र लावल्यावर मिनिटभरात चार ठोक्यांचे अंतर पडेल आणि कानाला नुसता गोंधळ ऐकू येईल. म्हणून 'सिंक' नावाचे बटण असते. ते दाबताच दुसऱ्या गाण्याची गती पहिल्यास जुळते, आणि नवल असे की गती बदलूनही सूर बदलत नाही. आमच्या लहानपणी आजोबांच्या फोनोची चावी उतरू लागली की गायिकेचा आवाज हळूहळू पुरुषी होत जाई. गती आणि स्वर यांची गाठ तेव्हा सुटत नसे. तबकडीची गती शेकडा सहाने वाढविली तर स्वर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो. टॅब्लेटमध्ये ही गाठ गणिताने सोडविली आहे.

या कलेचा जन्मही शाळेच्या निमित्ताने झाला, हे आम्हांस अलीकडेच कळले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका मुलीने शाळा उघडण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून इमारतीच्या सभागृहात नाचगाण्याची मेजवानी ठेवली. तबकड्या वाजविण्यास तिचा भाऊ होता. जमैकात जन्मलेला हा क्लाइव्ह कँपबेल पुढे 'कूल हर्क' म्हणून प्रसिद्ध झाला. गाण्यातील गायन थांबून नुसता ताल वाजतो तेव्हा नाचणारे अधिक रंगतात हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा लांबवीत असे. २०१० साली ॲपलचा आयपॅड निघाला आणि त्याच वर्षाअखेर म्युनिकच्या एका कंपनीने 'डीजे' याच उच्चाराचे आपले ॲप त्यावर आणले. ज्या सामग्रीला पूर्वी टेबल भरून जागा लागे, ती दप्तरात मावू लागली. २०२० पासून तर तयार गाण्यातून गायकाचा आवाज आणि ताल वेगळे काढण्याची सोयही अशा ॲपमध्ये आली.

असो. वार्षिकोत्सवाकडे वळू.

मुलींचा गरबा हींच तालातला होता, म्हणजे सहा मात्रांचा. लेझीम आठ मात्रांची, केरव्याच्या अंगाने जाणारी. मुलाने दोन्ही गाण्यांच्या मात्रांची गती तंतोतंत सारखी करून ठेवली होती. गरब्याच्या एका समेवर त्याने लेझीमचे गाणे खालून अगदी हळू सुरू केले. काही काळ दोन्ही चालू राहिली आणि पडद्यावर सोळा ठोके पुरे होताच त्याने पट्टी पूर्ण सरकविली. लेझीमची सम कडाडली. परंतु मुली तेव्हा गरब्याच्या पाचव्या मात्रेवर होत्या, त्यांची गिरकी अर्धी व्हावयाची होती. कोणी थांबली, कोणी वळली. आत शिरणारी लेझीमची रांग त्यांच्यावर आदळली. एक पाचवीतली मुलगी पडली आणि रडू लागली. पालक हसले.

आम्ही उठलो, ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि सर्वांदेखत म्हणालो, "ते खेळणे बंद करा. हे संगीत नव्हे. ढोलकी आणा."

ढोलकी आणली गेली. ती वाजविणारे शाळेत कोणी नव्हते. मुलांनी उरलेली लेझीम तोंडाने आकडे म्हणत पुरी केली.

त्यानंतर तो विद्यार्थी शाळेत येत होता, पण मागच्या बाकावर बसू लागला. प्रार्थनेची ध्वनिफीत लावण्याचे काम त्याच्याकडे होते, तेही त्याने दुसऱ्या मुलाकडे देऊन टाकले. आम्ही ते पाहिले आणि शिस्त लागली असे मानले. पुढे आठवड्याभराने आमच्या शेजारी राहणारे तबल्याचे मास्तर ओट्यावर भेटले. वार्षिकोत्सवास ते आले होते. म्हणाले, "साहेब, पोराचा हात चुकला नाही हो. लय त्याची काट्यासारखी होती. त्याला सहा मोजायला कोणी शिकवलं होतं? तुम्ही?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढच्याच शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्या मुलाला ग्रंथालयाच्या खोलीत बोलाविले. मास्तरांनाही विनंती केली होती. मुलगा टॅब्लेट घेऊन आला, पण पिशवीतून बाहेर काढीना. प्रथम आम्ही त्याची क्षमा मागितली. चौतीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याची अशी क्षमा आम्ही मागितल्याचे आठवत नाही. तो नुसता गोरामोरा झाला. मग हळूच म्हणाला, "सर, ॲप तर बरोबर दाखवत होतं."

ॲप खरोखरच बरोबर दाखवीत होते. मात्र ते चारांच्या घरांत मोजत होते. ही ॲपे ज्या संगीतासाठी घडली त्यात चार ठोक्यांचे एक घर आणि चार घरांचा एक खंड हा राजरस्ता आहे. सोळा ठोके झाले की एक वाक्य संपले, असे यंत्र धरून चालते. लेझीमच्या दृष्टीने तेही बरोबर, कारण आठ दुणे सोळा. पण हींचच्या दृष्टीने सोळा म्हणजे दोन आवर्तने पूर्ण होऊन तिसऱ्यातील चार मात्रा. सतरावी मात्रा ही हींचची पाचवी होते. लेझीमची सम आणि गरब्याची पाचवी मात्रा एकाच क्षणी पडली आणि पाय अडखळले.

मास्तरांनी हातावर टाळी देत हींच म्हणून दाखविली. मग एका बाजूला मुलाला केरवा धरावयास लावला आणि स्वतः हींच धरली. दोघांच्या समा पुन्हा कधी भेटतात ते मोजण्यास आम्हांस सांगितले. आम्ही फळ्यावर सहा आणि आठ यांचा लसावि काढला. चोवीस. तेवढ्यात त्या दोघांच्या टाळ्याही चोवीस मात्रा संपवून एकत्र पडल्या. मुलगा फळ्याकडे पाहत राहिला. सहावीत शिकलेला लसावि इथे भेटेल असे त्याला वाटले नव्हते. खरे तर आम्हांलाही नाही. मग त्याने टॅब्लेट बाहेर काढला, गरब्याच्या समेवर लेझीम सुरू केली, पडद्याकडे न पाहता ओठांत चोवीस मोजले आणि पट्टी सरकविली. जोड कुठे आला ते आम्हांस कळले नाही. मास्तरांना अर्थात कळले, पण त्यांनी मान डोलाविली.

त्यानंतरच्या बैठकांतून आम्ही स्वतः जे शिकलो त्यातले थोडे, ज्यांच्या घरी असा मुलगा वा मुलगी असेल त्यांच्यासाठी नोंदवितो. जुन्या चित्रपटगीतांवर 'सिंक'चा भरवसा ठेवू नये. ती गाणी वादकांनी एकत्र बसून वाजविलेली, अंतऱ्यात लय किंचित चढते, मुखड्यावर सावरते. यंत्राने पाडलेली घरे त्यापासून सुटत जातात, आणि तेथे कानानेच गती धरावी लागते. पुढचे गाणे आधी स्वतःच्या कानात ऐकून घेण्यासाठी एक दुफाट्याची वायर मिळते. तिच्या एका फाट्याने सभागृहाला आवाज जातो व दुसऱ्याने वाजविणाऱ्याच्या कानाला. आमच्या विद्यार्थ्यापाशी ती नव्हती. त्या दिवशी त्याने सारे अंदाजानेच केले होते, हे कळल्यावर आम्हांस आणखी वाईट वाटले. बिनतारी ब्लूटूथ कर्णे या कामी टाळावेत. त्यांत आवाज किंचित उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर प्रत्येक ठोका अर्ध्या सेकंदाचा, आणि सेकंदाच्या पाचव्या भागाचा उशीरही त्यात मोठा ठरतो.

दुसऱ्याची गाणी अशी वाजविणे कायद्यात बसते काय, असा प्रश्न एका पालकांनी केला होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमास सवलत आहे. मात्र श्रोते विद्यार्थी, शिक्षक व पालक अशा संस्थेशी संबंधित मंडळींपुरते असावे लागतात. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलाविले की गोष्ट बदलते. आवाजाचेही नियम आहेतच. शाळा व रुग्णालयांभोवती शंभर मीटरचा शांतता विभाग धरला जातो, आणि तेथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्यावरच्या त्या भिंतींविषयी आमचे मत या साऱ्या प्रकरणानंतरही तेच आहे, हे नमूद करून ठेवतो.

मास्तर स्वतः येथल्या संगीत महाविद्यालयात शिकलेले. सूरसागर तलावाजवळची ती संस्था म्हणजे १८८६ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी सुरू केलेली गायनशाळा. आता ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची एक शाखा आहे. मौलाबक्षांनी गाणे कागदावर उतरविण्याची स्वतःची स्वरलिपी तयार केली होती. चारचौघांच्या मुलांना एकत्र बसवून संगीत शिकवावयाचे तर ते लिहून दाखविता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार. लिहिलेल्या गाण्याला नाके मुरडणारे उस्ताद त्या काळी कमी नव्हते. विद्या गुरूच्या मुखातून यावी, कागदातून येणारे ते संगीत नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मास्तरांनी हे सांगितले तेव्हा आम्ही ध्वनिक्षेपकावर उच्चारलेले वाक्य आम्हांस आठवले. मास्तरांच्या मनातही ते असावे, पण ते बोलले नाहीत. ज्या शहरात १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्या शहरातल्या मराठी मुख्याध्यापकाला हे एका निवृत्त तबलजीने सांगावे लागले.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयाच्या खोलीत पाच-सहा मुले जमतात. टॅब्लेट एकच आहे, त्यामुळे उरलेली मुले टाळ्या धरतात. मागच्या खेपेस मास्तरांनी येताना फैयाजखाँसाहेबांची एक धमार ध्वनिमुद्रित करून आणली होती. खाँसाहेब आमच्या दरबारचे गायक, १९५० साली येथेच वारले. मुलाने ती डाव्या तबकडीवर चढविली. ॲपने एक आकडा दाखविला, थोड्या वेळाने दुसराच दाखविला, आणि चौदा मात्रांवर चारांची घरे पाडीत राहिले. मुले हसली. मास्तरांनी बटण बंद करावयास सांगितले आणि टाळी धरली.

"धमारातून हींचमध्ये जायचं असेल तर?" आम्ही विचारले आणि खडू घेण्यासाठी वळलो.

"बेचाळीस, सर," तो मागून म्हणाला.